मंडळाच्या गाडीचे दोन पंप

आमच्या समाजमंडळाला गाडी मिळाली ती दान म्हणून. उधन्यातल्या एका कापडवाल्या शेठनं नवी छोटी गाडी घेतली. जुनी मोठी गाडी दारात जागा अडवायला लागली, तेव्हा त्याला सुरतेतल्या खानदेशी समाजाबद्दल अचानक फार प्रेम वाटू लागलं. त्यानं गाडीला हार घातला, चावी आमच्या अध्यक्षांच्या हातात दिली, फोटो काढून घेतला आणि मोकळा झाला. गाडीची कागदपत्रं तेवढी आम्हाला मागून मागून आणावी लागली.

गाडी आली, पण चालवणार कोण? मंडळात सायकलवाले पुष्कळ, लूनावाले काही, चारचाकीचं लायसन्स मात्र एकट्या माझ्याकडे. मी तेव्हा डिंडोलीला राहायचो आणि टेम्पोतून कोऱ्या कापडाचे तागे उधन्याहून रिंगरोडच्या मार्केटला पोचवायचो. मंडळानं मला ‘मानद चालक’ असं पद दिलं. मानद म्हणजे काय, हे बायकोनं विचारलं. मी सांगितलं, मानाचं. पण रविवारी मी गाडी धुवायला निघालो की ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, त्यावरून तिला शब्दाचा खरा अर्थ कळला होता हे दिसायचं.

अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणायचे. ते धुळ्याकडचे. उधन्यात त्यांचे थोडे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, त्यामुळे ते स्वतःला कारखानदार समजत आणि आम्हीही समजायचो. सचिवांना नाना म्हणायचे. ते जळगावकडचे, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. या दोघांचं एकमेकांशी वैर होतं असं म्हणता येणार नाही. आप्पा एखाद्या गोष्टीला हो म्हणाले की नानांना त्या गोष्टीतले दोष आपोआप दिसायला लागायचे, इतकंच. मंडळाचे निम्मे लोक धुळ्याकडचे आणि निम्मे जळगावकडचे, त्यामुळे प्रत्येक विषयाला दोन बाजू पहिल्यापासून तयारच असायच्या.

उन्हाळा लागला आणि गाडी बंद पडू लागली. सकाळी ठणठणीत चालायची. दुपारी कुठे थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. आप्पा एकदा सहकुटुंब लग्नाला गेले, तिथून निघताना गाडी मंडपाच्या दारातच अडली आणि मागे नवरदेवाचा घोडा ताटकळत राहिला. घोड्यावरच्या मुलाच्या मामानं आप्पांना काय काय ऐकवलं ते मी सांगत नाही. तेव्हा एका टॅक्सीवाल्यानं मला युक्ती शिकवली. बॉनेट उघडायचं, इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. उन्हानं आणि इंजिनानं पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. फडक्यानं तो निवला की गाडी चालू. मी मंडळाच्या जुन्या कापडी फलकाचा एक तुकडा फाडून घेतला. त्यावर ‘हार्दिक’ एवढंच शिल्लक होतं. पुढचा महिनाभर सुरतेच्या रस्त्यांवर मी ठिकठिकाणी बॉनेट उघडून पंपावर ‘हार्दिक’ पांघरत उभा असायचो.

शेवटी गाडी उधन्यातल्या एका सुरती मेकॅनिककडे नेली. तो गोड बोलायचा आणि कधीच कुणाला नाही म्हणायचा नाही. त्यानं सांगितलं की पंपातला रबरी पडदा थकला आहे. दोन रस्ते आहेत. तसलाच नवा पंप इंजिनावर बसवा, नाहीतर विजेवर चालणारा पंप घ्या आणि तो मागे टाकीजवळ थंड जागेत लावा. यातला चांगला कुठला, असं मी विचारलं. “तमे कहो ए लगाडी आपुं,” तो म्हणाला, तुम्ही सांगाल तो लावून देतो. त्या वेळी मला वाटलं, माणूस नम्र आहे. पुढे कळलं की तो धंद्यात मुरलेला आहे. मंडळाच्या गाडीबद्दल स्वतःचं मत देणारा मेकॅनिक फार दिवस टिकत नाही, हे त्याला आमच्या आधी कळलं होतं.

विषय कार्यकारिणीत आला. सूचनेत मी ‘पेट्रोल पंप घेण्याबाबत’ असं लिहिलं होतं, त्यामुळे नेहमी न येणारे सभासदही आले. मंडळ रस्त्यावर पेट्रोलपंप टाकणार, अशी बातमी लिंबायतपर्यंत गेली होती. दोघांनी तर आपल्या भाच्यांना तिथे नोकरी मिळावी म्हणून अर्जही आणले होते. खरा प्रकार कळल्यावर ते खट्टू झाले, पण उठून गेले नाहीत, कारण चहा यायचा होता.

आप्पा म्हणाले, शेठनं ज्या पंपावर गाडी इतकी वर्षं चालवली तोच पंप घ्यायचा. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यांच्या कारखान्यात आठवड्यातून एकदा तर जातेच. गाडीतली वीज बॅटरीची असते, हे मी सांगू पाहिलं. त्यावर ते म्हणाले, वीज ती वीज. मग नाना उठले. दाब या विषयावर मंडळात आपल्याइतका अधिकार कुणाचा नाही, अशी त्यांची सुरुवात होती, आणि बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला ते शोभतही होतं. गाडी का मरते? दाब कमी म्हणून. विजेच्या पंपाचा दाब जास्त. जास्त दाब म्हणजे जास्त जोर. एवढं साधं आहे. धुळ्याकडचे लोक आप्पांकडे बघून माना हलवत होते, जळगावकडचे नानांकडे बघून.

मला विचारलं असतं तर मी नानांच्या बाजूनं बोललो असतो. टेम्पोच्या टायरमध्ये हवा जास्त असली की टेम्पो हलका पळतो, तसंच हे असेल, अशी माझी समजूत होती. पण मानद चालकाला मत नव्हतं, फक्त लायसन्स होतं.

सभा संपेना. अखेर एका शहाण्या सभासदानं तोड काढली की दोन्ही पंप बसवावेत. मागचा पंप पेट्रोल ढकलेल, पुढचा ओढेल, आणि दोन्ही जिल्ह्यांचा मान राहील. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मेकॅनिकला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं, “बहु सरस,” असं म्हणाला, आणि दोन्ही बसवून दिले.

पहिल्या दिवशी किल्ली फिरवल्याबरोबर मागून टिकटिक ऐकू यायला लागली, भिंतीवरच्या घड्याळाला घाई झाल्यासारखी. गाडी लगेच सुरू झाली. नाना खूश झाले आणि त्याच दिवशी सासुरवाडीच्या माणसांना तिच्यातून हिंडवायला निघाले. मी गाडी चालवत होतो. थोड्याच अंतरावर गाडीत पेट्रोलचा असा वास सुटला की नानांच्या सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो उतरेपर्यंत काढला नाही. मागे काळा धूर. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन धापा टाकायचं. मी एका झाडाखाली थांबून बॉनेट उघडलं, तर कार्बोरेटरच्या बाहेरून पेट्रोल ओघळत होतं आणि खाली इंजिन तापलेलं. नानांचे मेव्हणे बिडी पेटवत जवळ येत होते. मी आयुष्यात कुणाच्या हातातली बिडी इतक्या उद्धटपणे हिसकावली नाही.

मेकॅनिकनं मला समजावलं. कार्बोरेटरच्या आत एक छोटी वाटी असते, तिच्यात पेट्रोल भरलं की तरंगणारा फ्लोट वर येतो आणि एक सुई वाट बंद करते. संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतं तसंच. पण मागून दाब फार आला तर ती बिचारी सुई वाट बंद करूच शकत नाही, आणि पेट्रोल उतू जातं. पंप निवडताना पेट्रोल किती पुरवतो हे बघायचं आणि दाब किती देतो हेही बघायचं; ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल भरपूर लागतं, दाब अगदी थोडा. हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही ठराव घेऊन आला होतात, ठरावाला कोण काय सांगणार? आणि लगेच त्यानं फळीवरून एक डबी काढली. डबीत रेग्युलेटर होता, विकायला ठेवलेला.

रेग्युलेटर म्हणजे पितळी तबकडीसारखी छोटी वस्तू. पंप आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये बसवायची. तिच्या डोक्यावर एक स्क्रू. आत फिरवला की दाब वाढतो, बाहेर फिरवला की कमी होतो, आणि मनासारखा दाब आला की खालचा चेकनट घट्ट आवळून टाकायचा, म्हणजे स्क्रू हलत नाही. मेकॅनिकनं पुढचा, इंजिनावरचा पंप काढून तिथे पत्र्याची झाकणी बसवली, मी ठरावाचं काय म्हणून घाबरलो, तर त्यानं तो पंप नुसताच शोभेसाठी पुन्हा बाहेरून तारेनं बांधून ठेवला. मग दाब दाखवणारा घड्याळासारखा गेज जोडून, इंजिन चालू ठेवून, स्क्रू केसभर इकडे केसभर तिकडे करत त्यानं दाब लावला. आम्ही गाडी पुलावर चढवली, भर उन्हात उभी केली, पुन्हा सुरू केली. वास नाही, धूर नाही. गाडी मंडळात आल्यापासून इतकी शहाण्यासारखी वागलेली मी पाहिली नव्हती.

ते फार काळ चाललं नाही. मंडळाच्या पत्र्याच्या हॉलसमोर गाडी उभी असायची आणि बॉनेटला कुलूप नव्हतं. आपल्या गाडीत रेग्युलेटर बसला, ही बातमी मीच सभेत सांगितली होती, आणि तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा असतो अशी उपमा देण्याचा मूर्खपणाही मीच केला. त्यानंतर प्रत्येकाला वाटू लागलं की तो फिरवायचा असतो.

आप्पांना पेट्रोलचा वास अजूनही येतो असा भास व्हायचा, म्हणून ते येता-जाता स्क्रू बाहेर काढून ठेवत. नानांना गाडी दबलेली वाटायची, म्हणून ते कामावरून येताना तो आत पिळत. मी गाडी घेऊन निघालो की पहिल्या चौकापर्यंत मला कळायचं की शेवटचा हात कुणाचा लागला आहे. गाडी गचके खात मेली तर धुळं, काळा धूर ओकत मेली तर जळगाव. मी पाना घेऊन चेकनट आवळून ठेवायचो. पण नानांकडे बॉयलरचे पाने होते आणि आप्पांच्या कारखान्यात तर हत्यारांची पेटीच होती.

एकदा मी आप्पांना हात जोडून सांगितलं की ह्या स्क्रूला कुणी हात लावू नये, एका माणसानं एकदा लावलेला दाब तसाच राहू द्यावा. आप्पा शांतपणे म्हणाले, “भाऊ, गाडी मंडळनी शे, तुन्ही नही.” म्हणजे गाडी मंडळाची, माझी नव्हे. नानांनाही तेच सांगून बघितलं. ते म्हणाले, दाबाबद्दल त्यांना शिकवू नये.

मग गुणगौरव समारंभ आला. समाजातल्या पास झालेल्या मुलांना वह्या आणि पेढे द्यायचे होते. प्रमुख पाहुणे म्हणून धुळ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे होते. निवृत्तीनंतर प्रमुख पाहुणे होणं हाच त्यांचा पूर्णवेळचा उद्योग होता. फेटा न हलवता मान कशी वळवायची, हार गळ्यात किती वेळ ठेवायचा, हे त्यांना इतकं नेमकं माहीत होतं की बघत राहावं. त्यांना स्टेशनवरून आणायला गाडी निघाली. पुढे माझ्या शेजारी नाना, मागे आप्पा. जाताना गाडी नीट गेली, कारण आम्ही खालच्या सपाट रस्त्यानं गेलो होतो.

पाहुणे बसले. दुपारची वेळ, ऊन रणरणतं. येताना पुलावरून यावं लागलं, आणि चढाच्या निम्म्यावर गाडीनं गचके द्यायला सुरुवात केली. मी ओळखलं, सकाळी आप्पा येऊन गेले. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून त्यांनी स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर काढला होता, हे त्यांनी स्वतःच मागून पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं. गाडी चढावर थांबली. ती मागे घरंगळू नये म्हणून मी ब्रेक दाबून बसलो, आणि मी काही बोलायच्या आत नाना उतरले, बॉनेट उघडलं आणि खिशातून पाना काढला. माणूस समारंभाच्या कपड्यांत पाना घेऊन आला होता.

त्यांनी स्क्रू शेवटपर्यंत आत पिळला. गाडी गर्जना करून उठली, पूल चढली, उतरली, आणि पलीकडे पोचेपर्यंत मागचा रस्ता काळ्या धुरात दिसेनासा झाला. पाहुणे खोकायला लागले. मग इंजिन भिजलं आणि सपाट रस्त्यावर कायमचं गप्प झालं. मी किल्ली फिरवून पंप बंद केला, खाली उतरून पाहिलं, तर पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. मी सांगितलं की आता कुणीही किल्लीला हात लावायचा नाही, प्लग ओले आहेत, आग लागेल.

आप्पांनी नानांकडे पाहिलं, नानांनी आप्पांकडे. पाहुण्यांसमोर भांडता येत नव्हतं. रिक्षा करावी, असं मी सुचवलं. ते दोघांनाही एकाच वेळी अपमानाचं वाटलं, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. प्रमुख पाहुणा रिक्षातून उतरताना दिसला तर समाजाची काय पत राहील?

कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती. माणसं घरी निघाली होती, आपली होती, ओडिशाची होती, बिहारची होती. आप्पांनी हाक मारली, नानांनी मारली, आणि बघता बघता पंधरावीस जणांनी गाडीला हात लावला. पाहुणे उतरायला निघाले तर आप्पांनी त्यांना बसवून ठेवलं. मग आप्पाही आदरापोटी आतच बसले. ते बसले म्हणून नानाही बसले. मी स्टिअरिंग धरलं. आमची वरात उधन्याच्या रस्त्यानं निघाली. उन्हात घामानं निथळणारी माणसं आम्हा चौघांना ढकलत होती आणि पाहुणे दोन्ही बाजूंच्या लोकांना बसल्या जागेवरून नमस्कार करत होते. मला तेव्हा गाडीतून उतरून ढकलायला लागावंसं वाटत होतं. पण मग स्टिअरिंग कुणी धरलं असतं?

हॉलसमोर सगळा समाज ताटं, आरत्या घेऊन उभा होता. गाडीचा आवाज नाही, धूर नाही, आणि एवढा जनसमुदाय पाहुण्यांना ढकलत आणतोय, हे पाहून आधी सगळे चकित झाले. मग पुढच्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग टाळ्या थांबेनात. आप्पा खाली उतरले ते घोषणा देतच. कुणाला काही समजावून सांगायची गरजच राहिली नाही.

पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांचा गळा भरून आला होता. कदाचित धुरानंही असेल. त्यांनी सांगितलं की पूर्वी थोर माणसांच्या गाडीचे घोडे सोडून लोक स्वतः गाडी ओढत असत असं त्यांनी नुसतं वाचलं होतं. इतक्या कार्यक्रमांना गेलो, पण इंजिन बंद करून श्रमिकांनी हातांनी आणलेली गाडी फक्त सुरतेच्या खानदेशी समाजात अनुभवली. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आप्पांनी नम्रपणे मान खाली घातली, नानांनीही. ढकलणारी माणसं तोपर्यंत निघून गेली होती. त्यांना पाणी द्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. हे घरी गेल्यावर बायकोनं विचारलं तेव्हा मला कळलं.

पुढच्या रविवारी मी कुणालाच न विचारता गाडी मेकॅनिककडे नेली, म्हणजे तीही ढकलतच. प्लग पुसले, त्याचा गेज मागून घेतला आणि या वेळी स्क्रू मी स्वतः लावला. अर्धा दिवस लागला. इंजिन मंद ठेवून काटा बघायचा, थोडं फिरवायचं, हात काढायचा, वाट बघायची. कार्बोरेटरची सुई वाट नीट बंद करते का, चढावर पेट्रोल पुरतं का, उन्हात उभी करून पुन्हा सुरू होते का. शेवटी चेकनट आवळला आणि त्यावर मेकॅनिककडचा लाल रंग फासला, म्हणजे कुणी हलवला तर कळावं. मग डिंडोलीला जाऊन बायकोला बसवलं आणि इच्छापोरच्या रस्त्यानं लांबवर घेऊन गेलो. खिडकीची काच खाली करून ती वारा घेत बसली होती. परत येताना म्हणाली, गाडी चांगली आहे की, मग रोज एवढी कटकट कशाची असते? मी सांगितलं, आत फक्त आपण दोघंच आहोत म्हणून चांगली आहे. ती हसली. तिनं त्या गाडीकडे प्रेमानं पाहिलेलं मला तेवढं एकदाच आठवतं.

कार्यकारिणीनं माझ्याकडून खुलासा मागितला. परवानगीशिवाय दाब का बदलला? मी म्हणालो, गाडी चालावी म्हणून. हे उत्तर कुणाला पटलं नाही. चर्चेअंती ठरलं की रेग्युलेटर ही मंडळाची मालमत्ता असल्यानं त्यावर पत्र्याची पेटी बसवावी आणि तिला दोन कुलपं घालावीत, एकाची चावी आप्पांकडे, दुसऱ्याची नानांकडे. आप्पांच्या कारखान्यातच पेटी तयार झाली. ती बसवताना स्क्रूला धक्का लागून लाल रंग तडकला आणि गाडी पुन्हा बंद पडली, पण पेटीला कुलपं लागली होती आणि दोघं एका वेळी हजर राहण्याचा योग काही येईना.

वर्ष सरलं, पुन्हा गुणगौरव आला. या वेळचे पाहुणे नंदुरबारचे होते. गाडी बंदच होती, म्हणून मी आप्पांना म्हटलं की आता तरी दोघांनी मिळून पेटी उघडू या, मी एका दिवसात दाब लावून देतो. आप्पांनी टेबलावरचा टेलिफोन सरकवून माझ्याकडे थोड्या काळजीनं पाहिलं. पाहुण्यांचा निरोप येऊन गेला होता. गेल्या वर्षीच्या मुख्याध्यापकांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी विचारलं होतं की आपल्यालाही तसंच आणणार ना.

“मग पंप कशाला दुरुस्त करतो?” आप्पा म्हणाले. “तू फक्त स्टिअरिंग धर. त्याला लायसन्स लागतं.”

मी स्टिअरिंग धरलं. जाताना पाण्याचा एक मोठा पिंप मात्र हॉलच्या दारात भरून ठेवला, आणि ढकलणाऱ्यांना ग्लास द्यायला बायकोला उभं केलं.